चेन्साचं बरं होणं

डॉक्टरांनी चेन्साचं पोट उघडलं, आत पाहिलं आणि तपासायला एक तुकडा घेऊन, बाकी काहीही न काढता परत शिवून टाकलं. शुद्धीवर आल्यावर तिने आधी मेंढ्यांची चौकशी केली. "दूध कोणी काढलं?"

"मीच काढून आलो," शेजारी बसलेला तिचा मुलगा विस्तिन म्हणाला. "तू पड आई."

त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळायचं ते कळलं.

माल्टाशेजारच्या गोझो बेटावर ताल-हाजर म्हणून गाव आहे, तिथली ही बाई. खरं नाव विन्चेंसा, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं. मेंढीच्या दुधाचं चीज करायची. मुठीएवढे गोळे, काही ताजे, काही मिरी लावून वाळवलेले. बेटावर हे घरोघरी होतं, पण चेन्साचं चीज न्यायला पार बंदराकडून माणसं येत. नवरा जलोर्मू बोटीवर कामाला होता, तो फार लवकर गेला. विस्तिन एकुलता एक. गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत दगड कापायचं मशीन चालवायचा. संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक होऊन यायचा आणि आई ओरडेल म्हणून कपडे रस्त्यावरच झटकायचा.

रोग स्वादुपिंडाचा होता आणि यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टर तेउमा शांत माणूस होते, खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले. "घरी जा," ते म्हणाले. "दुखायला लागलं की औषध देऊ. दुखू देणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं."

"उन्हाळ्यात टोमॅटो लावायचे होते," चेन्सा म्हणाली.

"उन्हाळ्याचं मी काही बोलत नाही, बाई."

बोटीतून घरी येताना ती खिडकीजवळ बसली. समुद्र होता तसाच होता. आपल्याला भीती वाटायला हवी, असं तिच्या मनात आलं. पण भीती काही येईना.

आता तिच्या नणंदेबद्दल सांगायला हवं. ग्रेत्सिया जलोर्मूची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं. गावच्या मठातलं चॅपेल झाडणं, फुलं बदलणं हे तिचं काम, आणि त्या चॅपेलमध्ये सिस्टर पाचिफिका पुरलेल्या होत्या. युद्धाच्या दिवसांत या सिस्टरनी गावातली पोरं आपल्या ताटातलं काढून जगवली, असं जुनी माणसं सांगत. ग्रेत्सिया त्या पोरांतलीच एक. सिस्टरना संतपद मिळावं म्हणून गाव कितीतरी वर्षं खटपट करत होतं. पुस्तिका छापून झाल्या होत्या, बिशपांची सही झाली होती. चमत्कार तेवढा नव्हता. रोमला चमत्कार लागतो, तोही डॉक्टरांनी तपासलेला.

चेन्सा घरी आली त्याच दिवशी ग्रेत्सियाने सिस्टरच्या डोक्यावरच्या वस्त्राचा एक तुकडा, कापडात शिवलेला, तिच्या उशीखाली ठेवला. मग गावातल्या बायका गोळा करून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली. रोज दुपारी त्या पलंगाभोवती बसत आणि जपमाळ ओढत.

"तूही म्हण, वहिनी," ग्रेत्सिया सांगे.

"तुमचं चालू दे," चेन्सा म्हणे आणि भिंतीकडे तोंड करून पडे. तिला त्यांचा आवाज बरा वाटायचा, माशा घोंगावतात तसा. त्यातले शब्द काही तिच्यापर्यंत पोचत नसत.

विस्तिन त्या बायकांमध्ये कधी बसला नाही. रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेलाही, तो चर्चच्या दाराबाहेर सिगारेट ओढत उभा राहणाऱ्यांतला. पण एका शनिवारी तो उशिरा घरी आला तो लंगडत. टोपात कोमट पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि पाय बुडवून बसला.

"कुठे गेला होतास?" चेन्साने पलंगावरून विचारलं.

"टेकडीवर. माउलीच्या देवळात."

"आणि बुटांना काय झालं?"

"बुटांना काय होतंय. असंच जायचं होतं."

येशूच्या आईचं ते देऊळ लांब टेकडीवर आहे आणि वाट खडकाळ आहे. अनवाणी जाणारा माणूस काय मागायला जातो, ते आमच्याकडे कोणी विचारत नाही.

पुढच्याच आठवड्यात खाणीतली कड ढासळली आणि विस्तिन खाली सापडला. इतर दोघे थोडे बाजूला गेले होते, ते वाचले. आधी पाऊस झाला होता, दगडाचा थर भिजला होता, आणि कड कापताना उतार ठेवला नव्हता. चौकशीला आलेल्या साहेबाने दोन दिवसांत हे सगळं समजावून सांगितलं. त्यात न कळण्यासारखं काही उरलं नाही.

अंत्यविधीला चेन्साला खुर्चीत बसवून उचलून नेलं. शवपेटी समोर होती. पुढच्या बाकावरच्या बाईच्या झग्याची चेन मध्येच अडकली होती आणि आतलं अस्तर दिसत होतं. सबंध मिस्सा चेन्सा त्या चेनकडे बघत होती. कोणीतरी वर ओढून द्यायला हवी, एवढंच तिच्या मनात होतं. रडू आलं नाही. लोक म्हणाले, औषधाची गुंगी असेल. तिने त्या दिवशी औषध घेतलं नव्हतं.

त्यानंतर ती मरणाची वाट बघत पडून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मनापासून काही मागितलं. मला ने, म्हणाली. रोज म्हणाली.

आणि एका सकाळी तिला भूक लागली.

तिला आधी कळलंच नाही की ही भूक आहे. कित्येक दिवस पेजेचे दोन चमचे जात नव्हते. ग्रेत्सिया आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "काही आहे का खायला?" ग्रेत्सियाने वालाचं सूप केलं, त्यात चीजचा गोळा सोडला. चेन्साने सगळं संपवलं, वर पाव मागितला. पाव चावताना तिला लाज वाटली. मुलाला पुरून महिना झाला नव्हता आणि आपण पाव मागतोय.

"खा वहिनी, खा," ग्रेत्सिया डोळे पुसत म्हणत होती.

भूक वाढत गेली. मग ती उठून बसू लागली, मग गोठ्यापर्यंत जाऊ लागली. उन्हाळा आला. तिने टोमॅटो लावले नाहीत, पण लावता आले असते.

डॉक्टर तेउमांनी बोलावून घेतलं. तपासण्या झाल्या, आणि आणखी एकदा त्याच तपासण्या झाल्या. मग त्यांनी दोन फिल्म काचेवर शेजारी शेजारी लावल्या आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"ही दुसरी कोणाची?" चेन्साने विचारलं.

"तुमचीच. दोन्ही तुमच्याच." ते खुर्चीत बसले. "तुमच्या पोटातला तुकडा आम्ही तपासला होता. माझ्या हाताने काढलाय. चूक झाली असेल म्हणून तो पुन्हा बाहेरून तपासून आणला. चूक नाही. रोग होता. आता नाही."

ग्रेत्सिया तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसली.

"कशाने गेला?" चेन्सा म्हणाली.

"माहीत नाही. लिहूनही तेच देईन. कारण माहीत नाही."

"आम्हाला माहीत आहे," खालून ग्रेत्सिया म्हणाली.

"तुम्हाला असेल, बाई," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. "मला नाही. अशी माणसं फार क्वचित, पण होतात बरी. देवाचं नाव घेणारीही होतात, न घेणारीही. माझ्या कागदावर देवाचं नाव नसेल, एवढं आधीच सांगून ठेवतो."

चेन्साच्या मनात त्या वेळी चारची बोट मिळेल का, हा विचार होता.

गावात घंटा वाजवली. बायका तिचे हात हातात घेऊन डोळ्यांना लावू लागल्या. कोणी आजारी पोर घेऊन येई, कोणी तेलाची बाटली घेऊन येई, जरा हात लाव म्हणे. ती हात लावी. न लावून कोणाचं भलं होणार होतं? लोक म्हणत, देवाने तुला परत दिलं. ती "हो" म्हणे. कोणाला परत दिलं, हे तिला विचारावंसं वाटे, पण ती विचारत नसे. घरी तर कोणीच नव्हतं.

ती मिस्सेला जात होती, चीज करत होती, झोपत होती. मठातल्या सिस्टर तिच्याकडे बघून हसत. तीही हसे.

रोग परत येतो की काय, हे बघायला काही वर्षं जाऊ द्यावी लागतात. तो आला नाही. मग बिशपांनी चौकशी बसवली आणि साक्षीदारांना बेटावरच्या मुख्य गावी, रबातला बोलावलं. चेन्साच्या साक्षीच्या आदल्या दिवशी ग्रेत्सिया सकाळीच आली. चेन्सा चीजच्या गोळ्यांना मीठ चोळत होती.

"वहिनी, उद्या विचारतील, कोणाकडे मागणं केलं होतं. सिस्टर पाचिफिकाकडे म्हणायचं. झालं."

"मी केलंच नव्हतं."

"तू नाही, आम्ही केलं. ते आमचं आम्ही सांगितलंय." ग्रेत्सियाने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "विस्तिन टेकडीवर गेला होता, ते तेवढं काढू नकोस."

चेन्साचा हात थांबला. "तुला काय माहीत?"

"त्याला शेवटची अंघोळ मी घातली, वहिनी. पाय बघितले मी त्याचे. फोड वाळले नव्हते अजून."

चेन्साने हातातला गोळा खाली ठेवला.

"मी खोटं बोल म्हणत नाही," ग्रेत्सिया म्हणाली. "पण दुन ज्वाकीनच मला म्हणाले." दुन ज्वाकीन म्हणजे गावचे पाद्री. "एकाच आजाऱ्यासाठी दोघांकडे मागितलं असलं, तर रोममध्ये म्हणतात, बरं कोणी केलं ते ठरत नाही. मग सगळं फुकट. चाळीस वर्षं मी त्या चॅपेलचा केर काढतेय. मला माझ्यासाठी काही नको. त्या बाईने मला भरवलंय, वहिनी. स्वतः उपाशी राहून."

"हं," चेन्सा म्हणाली आणि पुढचा गोळा हातात घेतला.

बिशपांच्या वाड्यातली खोली थंड होती. लांब टेबलामागे तिघे बसले होते आणि एक जण टाइप करत होता. दुन ज्वाकीन कडेला खुर्चीत. प्रश्न विचारणारे वरिष्ठ पाद्री, मोन्सिन्योर कालामाट्टा, खास माल्टाहून आले होते. चमत्कार खरा नाही असं दाखवायचा प्रयत्न करणं, हेच त्यांचं काम होतं. त्यांना सर्दी झाली होती. दर प्रश्नानंतर ते रुमाल नाकाला लावत.

चेन्साने शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घेतली.

"आजारात तुम्ही स्वतः प्रार्थना केली होती?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"मुलगा गेल्यावर केली. मला ने म्हणून."

टाइप करणारा थांबला. मोन्सिन्योरनी त्याला मानेने खूण केली, मग तो पुन्हा सुरू झाला.

"ती ऐकली गेली नाही," मोन्सिन्योर म्हणाले.

"नाही ना. तुमच्यासमोर बसलेय."

त्यांनी औषधांचं विचारलं, दुखण्याचं विचारलं, भूक केव्हा लागली ते विचारलं. आधीच्या साक्षी तिथेच वाचून दाखवल्या आणि हे बरोबर का, असं विचारलं. तिचं पोट, तिची उशी, ग्रेत्सियाची नोव्हेना, सगळं त्यात होतं. विस्तिनचं नाव एकदा आलं. आजाऱ्याच्या मुलाचा अपघाती मृत्यू याच काळात झाला, असं एक वाक्य.

"आता शेवटचं," मोन्सिन्योर म्हणाले. "तुमच्यासाठी आणखी कोणी, दुसऱ्या कोणाकडे काही मागितलं होतं? माउलीकडे, एखाद्या संताकडे?"

विस्तिनने टेकडीवर काय मागितलं ते तिला सांगितलं नव्हतं; मला माहीत नाही, असं म्हटलं असतं तर ते खरंच होतं. दुन ज्वाकीन आपल्या बुटांकडे बघत होते.

"माझा मुलगा गेला होता," चेन्सा म्हणाली. "टेकडीवर, माउलीकडे. अनवाणी."

"काय मागितलं त्याने?"

"सांगितलं नाही."

"मग तुमच्यासाठीच गेला होता कशावरून?"

"दुसरं कोण आजारी होतं?"

मोन्सिन्योरनी बराच वेळ नाक पुसलं. "त्याचं पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले. तिने सांगितलं. तो माणूस टाइप करेपर्यंत ती थांबली. नावात चूक होऊ नये म्हणून एकेक अक्षर सांगितलं.

बाहेर बाकावर ग्रेत्सिया बसली होती. तिने चेन्साच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठून चालू लागली. बसमध्ये ती पुढे ड्रायव्हरमागे जाऊन बसली.

रोमचा निकाल यायला पुन्हा काही वर्षं लागली. मोन्सिन्योर कालामाट्टा तो सांगायला स्वतः आले. खरं तर पत्र पाठवलं असतं तरी चाललं असतं. चेन्साने कॉफी टाकली. त्यांनी बशीतलं मिरीचं चीज खाल्लं आणि मग सांगितलं. रोमच्या डॉक्टरांनी मान्य केलं की या बऱ्या होण्याला कारण सापडत नाही. पण ते सिस्टर पाचिफिकांमुळेच झालं, असं धर्मपंडितांना म्हणता आलं नाही.

"म्हणजे मी बरी झाले हे खरं," चेन्सा म्हणाली.

"खरं."

"पण कोणी केली ते ठरत नाही."

"नाही."

"की कोणीच केली नाही?"

"तेही ठरत नाही, बाई."

तिने त्यांचा कप पुन्हा भरला. "एक विचारू, मोन्सिन्योर? माझ्या पोटाचं कारण कोणाला सापडलं नाही, म्हणून तुम्ही आलात. विस्तिनचं सापडलं. पाऊस, दगड, उतार. म्हणून त्याच्यासाठी कोणी आलं नाही. कारण सापडलं की देव त्यात नसतो का?"

मोन्सिन्योरनी कप खाली ठेवला. "असतो, असं मी रोज वेदीवर म्हणतो."

"आणि चौकशीत?"

"चौकशीत माणसाला कुठवर कळलं, तेवढंच दाखवता येतं. पलीकडे कोण आहे ते नाही दाखवता येत. आम्ही मात्र दाखवल्यासारखं करतो थोडं." ते कपाकडे बघत होते. "पुरावा बघून विश्वास बसला, असा माणूस मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही. ज्यांचा होता ते पुरावा घेऊन आले. ज्यांचा नव्हता ते पुरावा वाचून घरी गेले."

"आणि तुमचा?"

"माझा आईकडून आलाय. सर्दीही तिच्याकडूनच."

चेन्साच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "माझा आहे की गेला, तेच समजत नाही," ती म्हणाली. "दात काढताना सुई देतात ना, तसं झालंय. हात लावला तर गाल आहे. पण माझा वाटत नाही."

"सुई उतरते."

"बरीच वर्षं झाली, मोन्सिन्योर."

मोन्सिन्योर उठले. जाताना थोडं चीज बांधून मागितलं.

गावाने चेन्साला उघड काही म्हटलं नाही. तेलाच्या बाटल्या मात्र बंद झाल्या. ग्रेत्सियाने साक्षीपासूनच तिच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. चर्चमध्ये समोर आली की मान हलवायची, तेवढंच. मग एका हिवाळ्यात चॅपेलच्या पायरीवरून पडून ग्रेत्सियाचं कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आली तेव्हा चेन्सा सूप घेऊन गेली आणि न बोलता तिच्या पाठीशी उशी लावली.

"तू गप्प बसली असतीस तर आज सिस्टर संत होऊन वेदीवर असत्या," ग्रेत्सिया म्हणाली.

"असत्या कदाचित."

"मग का नाही बसलीस?"

चेन्साने चमचा तिच्या हातात दिला. "तो चालत गेला होता, ग्रेत्सिया. तुमचं सगळ्यांचं लिहून घेतलं होतं त्यांनी. त्याचं नव्हतं."

ग्रेत्सिया वाडग्यात बघत राहिली. मग तिने एक चमचा तोंडात घातला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. चेन्सा उठून मीठ आणायला गेली. त्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी बंदराकडची पावला नावाची बाई तिच्या दारात आली. तिच्या नवऱ्याला तोच रोग झाला होता. बाईने तेल आणलं नव्हतं.

"तुम्ही काय केलं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही. मी पडून होते."

"कोणाकडे मागू?"

"ते मला सांगता येत नाही, पोरी. माझ्यासाठी सगळ्यांनी सगळीकडे मागितलं होतं. माझ्या मुलासाठी कोणी मागितलं नव्हतं, तो तर धडधाकट होता."

पावला उभीच राहिली. मग म्हणाली, "त्याला पाठीवर झोपवत नाही."

"नाहीच झोपवत. कुशीवर घ्यायचं, गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची. पोटापाशी दुसरी, मऊ." चेन्साने हात पुसले. "चल, दाखवते."

ती पावलाबरोबर बसने बंदरावर गेली आणि उशा लावून दिल्या. तो माणूस सुस्कारा टाकून झोपला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. दुपारी पावला दुकान उघडायची, तेवढा वेळ चेन्सा त्याच्याजवळ बसायची. त्याने प्रार्थना म्हणा असं सांगितलं की म्हणायची, नाही सांगितलं तर मेंढ्यांचं काहीतरी सांगत बसायची. हिवाळा संपायच्या आत तो गेला. मग दुसऱ्या गावातून बोलावणं आलं, मग तिसऱ्या. ती जात राहिली. तिच्या हाताने कोणी बरं झालं नाही. पण सिस्टर पाचिफिकांच्या नावाने बोलावणारे होते आणि माउलीच्या नावाने बोलावणारेही. काही जण कोणाचंच नाव घेत नसत.

अशा कामाने मनाला बरं वाटत असेल ना, असं दुन ज्वाकीननी तिला एकदा विचारलं. चेन्साने थोडा विचार केला.

"बंदरावरच्या घरातली खुर्ची चांगली होती," ती म्हणाली. "आत्ता जाते त्या घरातली पाठीला लागते."